तिन्हीसांजेचे दिवाळे

पुणे–सातारा महामार्गावरील, भोर तालुक्यातील किकवीत विजेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक घटका कोणती, असे विचारले तर उत्तर एकच येईल : तिन्हीसांज. धारा काढून झालेल्या असतात. दूध संकलन केंद्रावर कॅन उतरतात, फॅटचे यंत्र सुरू होते आणि आत बल्क कूलरचा कॉम्प्रेसर धडधडू लागतो. धारोष्ण दूध काही तासांत चार अंशांपर्यंत उतरले नाही, तर सकाळच्या टँकरपर्यंत त्याचा भरवसा उरत नाही. त्याच सुमारास गिरणीचा पट्टा चढतो, घराघरांत दिवे आणि पंखे लागतात, महामार्गावरील ढाब्यांच्या पाट्या उजळतात. अलीकडे खेड-शिवापूर आणि पलीकडे नीरेपार शिरवळ येथील कारखान्यांत दुसरी पाळी भरात असते. नेमक्या त्याच घटकेला राज्यभरातील सौरपट्ट्या शून्यावर येतात. मागणी चढत असताना पुरवठ्याचा एक अजस्र भाग तासा-दीड तासात नाहीसा होतो, आणि हे एखाद्या दुर्दैवी दिवशी नव्हे, रोज घडते. सूर्यास्ताची वेळ पंचांगात छापलेली असते; तरीही आपल्या वीजनियोजनाला ती दरवर्षी नव्याने कळते.

किकवीच्या तारेतून येणारी वीज कोराडीची की कोयनेची, हे त्या तारेला ठाऊक नसते. पण ती तार संध्याकाळी मृत पडू लागली तर त्याचे कारण शोधायला समुद्रकाठच्या दोन गावांपर्यंत जावे लागेल. एक उरणजवळचे बोकडवीरा, दुसरे गुहागर तालुक्यातील अंजनवेल. बोकडवीऱ्यात महानिर्मितीचे ६७२ मेगावॉटचे नैसर्गिक वायूवर चालणारे केंद्र आहे. अंजनवेलमध्ये १९६७ मेगावॉटचा रत्नागिरी गॅस प्रकल्प आहे, ज्याला अवघा महाराष्ट्र आजही ‘एन्रॉन’ याच नावाने ओळखतो. दोन्ही मिळून सुमारे २६४० मेगावॉट. सूर्य मावळताच वेगाने उभी राहू शकेल अशी यंत्रे राज्यात मोजकीच आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठा साठा या दोन ठिकाणी आहे. त्यातील एक अर्धपोटी आहे. दुसरे उपासमारीत मूर्च्छित पडले आहे.

सौरऊर्जेविषयी आमचा आक्षेप नाही, हे आधीच नोंदवू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॉटचे लक्ष्य ठेवण्यात आले आणि त्यामागचा हेतू निर्मळ आहे. आठवडाभर दिवसाची आणि आठवडाभर रात्रीची पाळी, या चक्रात भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याने विंचू-काट्याच्या भीतीने, हातात बॅटरी घेऊन कित्येक हिवाळ्यांच्या रात्री बांधावर काढल्या आहेत. त्याला दिवसा वीज मिळणे हा न्यायच आहे. उद्योगांच्या वीजदरातही बदल झाला. पूर्वी रात्री दहानंतर मिळणारी सवलत आता दिवसा, उन्हाच्या तासांत मिळते, आणि संध्याकाळच्या वापरावर अधिभार बसतो. म्हणजे संध्याकाळ महाग आहे, हे दरपत्रक तयार करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. ते वीज उपलब्ध करण्याची जबाबदारी असलेल्यांना ठाऊक नसावे, हे आश्चर्य.

ही दरी भरायची कशाने? औष्णिक केंद्राकडे पाहावे, तर कोळशाचा संच हा हत्ती आहे. बसला की उठायला वेळ लावतो. थंड पडलेला संच पेटवून पूर्ण भारावर आणायला अनेक तास लागतात, म्हणून संध्याकाळी हवा असलेला संच दुपारीही धुमसत ठेवावा लागतो, आणि तोही क्षमतेच्या पंचावन्न टक्क्यांच्या खाली सहसा नेता येत नाही. दुपारी सौरवीज भरपूर असताना कोळसा जाळायचा आणि संध्याकाळी त्याच बॉयलरला धाप लागेपर्यंत पळवायचे, या रोजच्या चढ-उताराने नळ्या फुटतात, संच बंद पडतात आणि ज्या दिवशी ते लागतात त्याच दिवशी दुरुस्तीला जातात.

जलविद्युत हे खरे तर या कामासाठीच घडलेले साधन. कोयना काही मिनिटांत जागी होते. पण कोयनेच्या १९६० मेगावॉटवर कृष्णा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे आणि पाऊस कमी पडला की सातारा-सांगलीच्या पिण्याच्या व शेतीच्या पाण्यापुढे वीज मागे सरते, सरलीच पाहिजे. भोरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. १९२८ साली पूर्ण झालेले लॉईड धरण, म्हणजे आपले भाटघर, याच तालुक्यात आहे. त्याच्या पायथ्याशी १६ मेगावॉटचे वीजगृह आहे, पण जनित्र फिरते ते नीरेच्या कालव्यांना पाणी सोडायचे असेल तेव्हा. बारामती-इंदापूरच्या उसाची तहान हे त्याचे घड्याळ आहे. किकवीची संध्याकाळ नव्हे. पानशेत आणि वरसगावच्या छोट्या वीजगृहांचेही पुण्याच्या नळांशी तसेच नाते. ज्या तालुक्यांनी गावे बुडवून धरणांना जागा दिली, त्यांच्या वाट्याला पाण्याची पाठ आली आणि विजेचे वेळापत्रक आले, ही कडवट गोष्ट येथे ओघानेच आली. तिचा हिशेब वेगळा करावा लागेल.

उरले वायू. वायूचे झोतयंत्र साध्या चक्रात अर्ध्या तासाच्या आत जाळ्यात वीज सोडू शकते. त्याच झोताच्या उष्णतेवर वाफेचे यंत्र जोडले की कार्यक्षमता पन्नास टक्क्यांच्या पुढे जाते; कोळशाला ती गाठता येत नाही. शिवाय अशा यंत्राचे फिरते वजन जाळ्याला स्थैर्य देते, दाब सावरते. हे साधन आपल्याकडे नव्हते असे नाही. आपण ते बांधले, त्यावर पैसे ओतले, त्यापायी राजकारण पेटवले, सरकारे आणली आणि पाडली. आणि जेव्हा त्याची खरी गरज उभी राहिली तेव्हा त्याच्याकडे पाठ फिरवली.

अंजनवेलची कथा नव्या पिढीला ऐकीव वाटेल, म्हणून तिची कालरेषा पुन्हा मांडणे भाग आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला अर्थसाहाय्य देण्याचे नाकारले. एवढी महाग वीज एवढ्या प्रमाणात राज्याला पेलणार नाही, असा तिचा आक्षेप होता. त्याच वर्षाअखेर वीजखरेदी करार झाला. १९९५ च्या निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडविण्याच्या गर्जना झाल्या, ऑगस्टमध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून अधिक मोठा करून परत घेतला. मे १९९६ मध्ये केंद्रातील तेरा दिवसांच्या सरकारने, आयुष्याचे शेवटचे तास मोजत असताना, प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. बुडविण्याची प्रतिज्ञा करणारे आणि तारणारे हात एकच होते, याचा त्या वेळी कोणालाच संकोच वाटला नाही. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला तेव्हा वीज मंडळाचे कंबरडे मोडले. एप्रिल २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने शासनाच्या निर्णयप्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले, मे महिन्यात प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली.

येथपर्यंतचा इतिहास सर्वांना तोंडपाठ आहे आणि त्यातून सर्वांनी एकच धडा घेतला, की वायूची वीज म्हणजे लूट. तो धडा अपुरा आहे. लूट कराराची होती. यंत्राचा त्यात अपराध नव्हता. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस कंपनी उभी राहिली, यंत्रे दुरुस्त झाली आणि भारनियमनाने गांजलेल्या महाराष्ट्राला त्या वर्षांत या प्रकल्पाने हातभारही लावला. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे भाकीत कोसळले. अमाप निघणार म्हणून ज्याच्या भरवशावर देशभर वायुकेंद्रे उभारली गेली, तो वायू काही वर्षांतच आटत गेला. २०१३ च्या अखेरीस अंजनवेल पुन्हा थंडावले. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्याच्या निमित्ताने त्यातील थोडा भाग जागा झाला. तो करार संपला आणि २०२२ मध्ये पुन्हा शुकशुकाट पसरला. शेजारीच आयात द्रवरूप वायू उतरवून घेण्याचे टर्मिनल होते, पण त्याची लाटरोधक भिंत वर्षानुवर्षे अपुरी राहिल्याने पावसाळ्यात तेथे जहाज लागू शकत नव्हते. बंदर बांधायचे आणि पावसाळ्याचा विचार राहून जायचा, हे कोकणात!

या सगळ्याचा कळस न्यायालयात झाला. आयात वायूवर वीज देण्याची तयारी कंपनीने दाखवली होती. महावितरणने ती नाकारली आणि स्थिर आकारही द्यायला नकार दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले. सरळ मराठीत सांगायचे तर जी वीज आपण घेतली नाही, तिच्या यंत्रांच्या भाड्याचे दायित्व आपल्या माथी आले. भाडेही द्यायचे आणि घरातही राहायचे नाही, असा हा व्यवहार. वीजबिलावरच्या बारीक अक्षरांत असल्या व्यवहारांचा भार कुठे मुरतो, हे ग्राहकाला कधीच दिसत नाही.

उरणची कहाणी इतकी नाट्यमय नाही, म्हणूनच ती अधिक चिंताजनक आहे. मुंबई हायच्या तेलाबरोबर निघणारा वायू हवेत जाळून टाकला जात असे. तो सत्कारणी लावण्यासाठी ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात हे केंद्र उभे राहिले. ते राज्याच्या मालकीचे आहे, मुंबईच्या आणि पुण्याच्या भाराजवळ आहे, आणि दहेज-उरण-पनवेल वायुवाहिनी त्याच्या दारातून जाते. तरीही पूर्ण क्षमतेला लागणारा देशी वायू त्याला वर्षानुवर्षे मिळालेला नाही. स्वस्त देशी वायूच्या वाटपात शहरांतील सीएनजी आणि घरगुती वायू यांना प्राधान्य मिळाले. वीज मागच्या बाकावर गेली. त्या प्राधान्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही, पण मागच्या बाकावर बसवलेल्याकडून संध्याकाळी अचानक पहिल्या क्रमांकाची अपेक्षा करण्यात तर मुळीच नाही. चार दशके जुन्या यंत्रांची अर्धपोटी चाकरी अशीच चालू राहिली, तर एक दिवस वायू मिळेल आणि यंत्र उठणार नाही. ते यंत्र उठवू जाणणारे तंत्रज्ञही तोवर निवृत्त झालेले असतील.

आता याची किंमत मोजू. संध्याकाळी तूट पडली की महावितरणला वीज बाजारात जावे लागते. सर्व राज्यांना जवळपास एकाच वेळी अंधार पडत असल्याने सर्वांचीच झुंबड एकाच तासात उडते आणि दर दहा रुपये युनिट या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. त्या मर्यादेलाही वीज मिळेलच असे नाही. मागणारे अधिक आणि विकणारे मोजके, तिथे मर्यादा केवळ कागदावर राहते. मिळालेल्या महागड्या विजेचा भार इंधन समायोजन आकाराच्या नावाने बिलात उतरतो. न मिळालेली वीज भारनियमन म्हणून उतरते, आणि ते सर्वांवर सारखे उतरत नाही. वीजगळती आणि थकबाकी यांच्या गटवारीनुसार वाहिन्या बंद होतात. एप्रिल २०२२ मध्ये हेच झाले. शहरातील वसुली चांगली, म्हणून तिथे उजेड. खेड्यातील वाहिनीवर चार आकडे आणि दोन कृषिपंप थकीत, म्हणून सगळ्या गावाला शिक्षा. ज्याने बिल वेळेवर भरले त्याच्या घरातही काळोख. २००६ मध्ये पुणे शहराने उद्योगांची जनित्रे वापरून, वरचा खर्च सोसून, भारनियमनातून स्वतःची सुटका करून घेतली होती. ‘पुणे मॉडेल’ म्हणून त्याचे कौतुक झाले. शहराच्या वेशीबाहेर तीस-चाळीस किलोमीटरवर मात्र त्या दिवसांत कंदिलाच्या काचा पुसल्या जात होत्या. हे चित्र पुन्हा उभे राहायला एक बिघडलेला पावसाळा आणि कोळशाचा एक तुटवडा पुरे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशाअभावी राज्याला वीज पुरवणारे तेरा संच एकाच वेळी बंद होते आणि तूट तीन हजार मेगावॉटच्या वर गेली होती. तेव्हा सौरऊर्जेचा वाटा आजच्यापेक्षा पुष्कळ कमी होता, म्हणजे संध्याकाळचा कडाही इतका उभा नव्हता.

जाळे कोसळण्याचा धोका याहून भीषण. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा परिसरातील वाहिन्या तुटल्या आणि मुंबईला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून वाचविण्यासाठी उभारलेली आयलँडिंग यंत्रणा ऐन वेळी निकामी ठरली. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, कोविडच्या काळात रुग्णालये जनित्रांवर गेली. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन प्रगत देश भर दुपारी अंधारात गेले. जाळ्यातील विद्युतदाब आवाक्याबाहेर गेला आणि तो सावरणारी फिरती यंत्रे त्या क्षणी पुरेशी नव्हती. त्यानंतर स्पेनने काय केले? वायूची केंद्रे अधिक प्रमाणात चालू ठेवायला सुरुवात केली. ज्या देशाचे सौरऊर्जेचे आकडे आपण उद्धृत करतो, त्याचा हा पुढचा परिच्छेदही वाचायला हवा.

वायू महाग आहे, हे खरे. आयात वायू दर एककाला बारा डॉलरच्या आसपास असेल तर चांगल्या संचातही एका युनिटचे नुसते इंधन सात रुपयांच्या घरात जाते. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे आशियातील दर पन्नास डॉलरच्या पलीकडे उसळला होता; त्या दराने एक युनिट जाळणे म्हणजे नोटा जाळणे. होर्मुझच्या सामुद्रधुनीत एक ठिणगी पडली तरी आपल्या किमती भडकतात. म्हणूनच वायूची वीज चोवीस तास वापरायची नसते. जुन्या काळी गावांत पेव असे. जमिनीत खोल उतरवलेले, तोंड लिंपलेले धान्य. त्यातून रोजची भाकरी कोणी काढत नसे, आणि वर्षभर उघडले नाही म्हणून ते मोडीतही कोणी काढत नसे. संध्याकाळचे चार तास, वर्षातील दोन-अडीच महिने, एवढ्यापुरती दोन्ही केंद्रे सज्ज ठेवली तर एका संध्याकाळी सुमारे एक कोटी युनिट हाताशी राहतात. सात-आठ रुपयांची ही वीज दहा रुपयांच्या बाजारापेक्षा स्वस्त आहे आणि अंधारापेक्षा तर कितीतरी स्वस्त. केंद्र सरकारलाही हे उमगले आहे. २०२४ च्या मे-जूनमध्ये त्याने विद्युत कायद्यातील कलम ११ वापरून देशातील वायुकेंद्रे चालविण्याचा आदेश दिला, आणि त्याच मे महिन्याच्या ३० तारखेला देशाची मागणी २५० गिगावॉटवर पोहोचली. पण आणीबाणीचे कलम हे नियोजन नव्हे. दरवर्षी आग लागल्यावर विहीर खणण्याचा तो सरकारी मार्ग आहे.

बॅटऱ्या येतील, पाणी पुन्हा वर चढवून वीज साठवणारे उदंचन प्रकल्प येतील, असे सांगितले जाते. येवोत. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा कंपनीने शिरवटा येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्याशी सामंजस्य करार केला. पण करारावरच्या शाईने जनित्र फिरत नाही. डोंगर पोखरायला वर्षे लागतात, आणि मधल्या प्रत्येक उन्हाळ्यात सूर्य मावळणारच आहे. सौरक्षमता महिन्यांत वाढते, साठवण वर्षांत वाढते. या दोन वेगांमधील फटीत आपण उभे आहोत.

वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याला, अशा फटीचा अर्थ शिकवावा लागत नाही. १९६१ चे पानशेत याच मातीतले. धरण ठरल्यापेक्षा लवकर भरायचे ठरले. बांधाची उंची वर दिसत होती, आकडा भरला होता. पाणी सोडण्याच्या आतल्या मोरीचे काम मात्र अपुरे होते. १२ जुलैला ते धरण आतून खचत जाऊन फुटले. आज मंत्रालयातील सादरीकरणांत मेगावॉटचा बांध असाच रोज उंचावतो आहे. आतल्या मोरीची पाहणी कोण करतो आहे?

राज्य सरकारने, महानिर्मितीने आणि नियामक आयोगाने येत्या उन्हाळ्याआधी तीन प्रश्नांची जाहीर उत्तरे द्यावीत. उरणच्या संध्याकाळसाठी वायूचा करार कोणाशी, किती आणि कोणत्या दराने झाला? अंजनवेलच्या यंत्रांना केवळ सज्जतेचे भाडे देऊन उन्हाळ्यापुरते ताब्यात घेण्याची बोलणी एनटीपीसीशी कोणत्या टप्प्यावर आहेत? आणि राज्य भार प्रेषण केंद्राच्या संध्याकाळच्या तक्त्यात जो आकडा ‘उपलब्ध क्षमता’ म्हणून लिहिला जातो, त्यातील किती यंत्रांच्या टाकीत त्या दिवशी खरोखर इंधन असते? ज्यात इंधन नाही, ते यंत्र या तक्त्यातून वगळावे. मग जी तूट दिसेल ती घाबरवणारी असेल. पण ती एप्रिलच्या एखाद्या संध्याकाळी पावणेसातला किकवीच्या बल्क कूलरने उघड करण्याऐवजी फेब्रुवारीत कागदावर दिसलेली बरी. दूध त्या दिवशीही नेहमीच्या वेळी येणार आहे.